दारं उजव्या हाताला

लंडनच्या कडेच्या आमच्या बर्न्ट ओकमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात माझ्या भावाने केलेले दात आहेत. फुशारकी नाही मारत. बसच्या रांगेत उभं राहायचं, कुणी हसलं की मी सांगणार, हे लायनेलचे, हे लायनेलचे नव्हेत. लायनेल टॅपलिनची कवळी बोलताना वाजत नाही आणि सफरचंदात अडकून राहत नाही. एजवेअरला एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत तो एकतीस वर्षं खिडकीकडे तोंड करून बसला. त्या खोलीतून जे दात बाहेर पडले तसे बड्याबड्या डॉक्टरांकडेही मिळायचे नाहीत.

दातांचं पुढे येईल. आधी गाड्यांचं सांगतो.

मी सिड, त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, कारण मास्तरांना जेवढं येत होतं तेवढं मलाही यायला लागलं होतं, निदान आईला मी तसं सांगितलं. मग भुयारी रेल्वेत लागलो तो थेट पेन्शनपर्यंत. लोक बसतात त्या गाड्यांवर मात्र नाही. त्या कुणीही चालवील. मी कामाच्या गाड्यांवर होतो. लोक घरी गेले, रुळांतली वीज बंद झाली, की आमच्या गाड्या निघायच्या. एक लांबलचक रूळ वाहून नेणारी, एक पाणी उपसणारी, एक नुसत्या बॅटरीवर चालणारी. पहाटे पहिली लोकांची गाडी सुटायच्या आत आम्ही परत डेपोत. आयुष्यभर ट्यूबने फिरलेल्या माणसाने आमची एकही गाडी पाहिलेली नसते. त्यामुळे मी काहीही सांगितलं तरी खोटं पाडणारा कुणी नसायचा, आणि मी पुष्कळ सांगायचो.

ऐकणारा एकच होता, लायनेल. लहानपणापासून तो बोलायचा कमी आणि ऐकायचा सगळा. मी जेवणाच्या टेबलावर काटेचमचे लावून दाखवायचो, हे इंजिन, ही क्रेन, हा मी. दुसऱ्या दिवशी त्याने काड्यापेटीची तीच गाडी केलेली असायची. पुढे दातांच्या कामाला लागल्यावर त्याच्या हाती खरी हत्यारं आली. दात घासायची बारीक कानस, मेण, प्लास्टर, कवळीला लावतात ती तार. हिरड्यांचा गुलाबी माल गरम करून तो त्याचे डबे करायचा आणि वरून रंग द्यायचा. बाकीचे हौशी लोक लाल रंगाच्या डौलदार गाड्या करायचे, तयार भाग दुकानातून आणून. लायनेलने तसली एकही केली नाही. माझ्या गाड्या केल्या. एका फुटाला चार मिलिमीटर, अर्धं माप आपलं आणि अर्धं फ्रेंचांचं. असं का, ते त्यालाही सांगता यायचं नाही, पण सगळे तसंच करतात.

लग्न त्याने केलं नाही. आई गेल्यावर आमच्याच मागच्या खोलीत राहिला. माझी बायको डोरीन त्याला म्हणायची, "तुझ्या भावाचं तू एवढं ऐकतोस, मी तीस वर्षांत कधी ऐकलं नाही, आणि बघ, दोघांपैकी कोण सुखी आहे." तो हसायचा. हसला की त्याचे स्वतःचे दात दिसायचे, वाकडेतिकडे. ते त्याने कधी सरळ करून घेतले नाहीत.

आमच्या डेपोत एक गाडी होती, तिला आम्ही धूळखाऊ म्हणायचो. बोगद्यांत धूळ किती साचते ते वरच्या लोकांना ठाऊक नसतं. केस, कोटांचे धागे, ब्रेकची काळी पूड. माणसं रोज थोडी थोडी गळतात तिथे. ती धूळ खाणारी ही पाच डब्यांची गाडी. पुढून वारा मारून धूळ उडवायची आणि मधल्या डब्यात ओढून घ्यायची. मधल्या डब्याच्या एकाच बाजूला आठ दारं होती, त्यामागे धुळीच्या पेट्या. गाडीच्या एका टोकाला लोखंडी शिडी होती, अकरा पायऱ्यांची, छतावर चढायला. दुसऱ्या टोकाला शिडी नव्हती. एवढं लक्षात ठेवा, शिडी एकाच टोकाला आणि दारं एकाच बाजूला.

तिच्यावर मी नऊ वर्षं काम केलं. माझ्याइतकी ती कुणाला ठाऊक नव्हती, हे मी डेपोत सगळ्यांना सांगायचो. बाहेरच्या माणसाला ती बघायला मिळायची नाही. फोटो म्हणावेत तर दोनतीन, तेही अंधारे. लायनेलने बाकी सगळ्या केल्या, पण तिला हात लावला नाही. म्हणायचा, ही शेवटी करू, सिड, सावकाश.

सावकाश राहिलं बाजूला. पन्नाशीच्या आतच साखरेच्या आजाराने त्याचे डोळे धरले. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, दोन वर्षं, फार तर तीन. त्याच आठवड्यात लायनेलने दातांचं काम सोडलं. मालक म्हणत होता, अजून वर्षभर कर, तुला दिसतंय. हा ऐकेना. घरी येऊन मला म्हणाला, "कवळी चुकली तर दुसऱ्याचं तोंड सोलतं. गाडी चुकली तर कुणाला दुखत नाही. जेवढे डोळे उरलेत तेवढे धूळखाऊला देतो."

मी म्हणालो, फोटोबिटो काही शोधू नकोस, मी आहे. मापं मी आणतो.

आणि आणली. टेप खिशात घालून जायचो, जेवणाच्या सुट्टीत मोजायचो, चहाच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहायचो. रविवारी दुपारी तो एकेक पुठ्ठा वहीत चिकटवायचा आणि मला प्रश्न विचारायचा. हा बोल्ट गोल की षटकोनी, ही नळी आधी वळते की नंतर. मला आठवलं नाही असं मी एकदाही म्हटलं नाही. एक दिवस त्याने विचारलं, शिडीसमोर उभं राहिलं तर दारं कुठल्या हाताला?

मी सांगितलं, उजव्या. तो म्हणाला, लिहून दे. मी लिहिलं, शिडीसमोर उभं राहिलं की दारं उजव्या हाताला. वर आणखी 'नक्की' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि सही ठोकली.

त्याला फार बरं वाटलं. म्हणाला, प्रदर्शनात मांडू तेव्हा कार्डावर दोन नावं घालायची, गाडी लायनेल टॅपलिन, मापं सिड टॅपलिन. मी म्हणालो, माझं नाव तुझ्याएवढ्याच अक्षरात हवं, बारीक चालणार नाही. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी त्या कार्डाबद्दल सांगायला लागलो. गाडीचं चाकसुद्धा झालं नव्हतं.

साडेतीन वर्षं लागली. डॉक्टरने दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त. शेवटी शेवटी तो भिंग लावून, नाक टेकवून काम करायचा. सगळ्यात शेवटी शिडी ठेवली होती. दाताच्या तारेची, माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी उंच, अकराच्या अकरा पायऱ्या सुट्ट्या डाग देऊन बसवलेल्या. एका पायरीला एक दिवस. अकरावी बसली त्या दिवशी त्याने भिंग पुसून डबीत ठेवलं आणि डोरीनला म्हणाला, हे आता कुणाला तरी देऊन टाक.

मी तेव्हा पेन्शनीत निघालो होतो. प्रदर्शनाला तीन आठवडे होते. डेपोतला एकजण निवृत्त होत होता, त्याचा केक खायला दुपारी गेलो. अंगणात धूळखाऊ उभी होती. जुनी ओळख, म्हणून पलीकडच्या टोकाला, शिडीसमोर जाऊन उभा राहिलो. आणि दारं डाव्या हाताला.

मी स्वतःशीच हसलो. वाटलं, केनिंग्टन झालं असेल.

आमच्या डेपोतला हा शब्द आहे. केनिंग्टनला बोगद्यात एक वळसा आहे. त्या वळशातून गाडी परतली की तिचं तोंड फिरलेलं असतं, जे टोक लंडनकडे होतं ते घराकडे. कुणी स्वेटर उलटा घालून आला, कुणी चहात मीठ टाकलं, की आम्ही म्हणायचो, केनिंग्टन करून आलास काय. सगळ्यात जास्त मीच म्हणायचो.

पण गाडीचं तोंड फिरलं तरी शिडी आणि दारं एकमेकांना सोडून कुठे जाणार? शिडीसमोर जो हात डावा तो डावाच. माझ्या हातात केकची बशी होती, ती तशीच राहिली. मग एकेक आठवायला लागलं. मापं घेतली त्या वर्षी शिडी मी जूनमध्ये मोजली, तेव्हा ती अंगणाच्या टोकाच्या पुलाकडे होती. दारं मोजली जुलैअखेर, तेव्हा ती अंगणाच्या बाजूच्या भिंतीकडे होती. पाच डबे चालत जाऊन शिडी कुठे आहे हे बघायचे कष्ट मी घेतले नाहीत. कशाला घेऊ? मला गाडी पाठ होती. शिडी पुलाकडे, दारं भिंतीकडे, म्हणजे उजवा हात. मधल्या सहा आठवड्यांत ती वळसा घालून आली असेल हे डोक्यात आलंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना केनिंग्टन म्हणणाऱ्याला.

आता ती आठ दारं, त्यांच्या मागच्या पेट्या, छतावरच्या नळ्या, सगळं लायनेलने माझ्या उजव्या हाताप्रमाणे बसवलं होतं, केसाचाही फरक न करता. शिडी उपटून दुसऱ्या टोकाला लावायची म्हटलं तर दोन्ही टोकं वेगळी. सगळं मोडून पुन्हा करायला हवं होतं. करणाऱ्याला आता खिडकी कुठे आहे तेवढंच कळत होतं.

घरी जाऊन सांगायचं, असं मी बसमध्ये ठरवलं. खरंच ठरवलं होतं. दार उघडलं तर तो पॅसेजमध्येच उभा. डोरीनने कार्डाचा नमुना लिहून ठेवला होता, त्यावर बोटं फिरवत होता. म्हणाला, बघ, तुझं नाव माझ्याएवढंच आहे ना? मला वाचता येत नाही म्हणून विचारतो.

मी म्हणालो, "माझं नाव काढा. गाडी तुझी आहे. मी टेप धरायचं काम केलं, त्यात काय एवढं."

आयुष्यात पहिल्यांदा मी मोठेपणा नाकारला आणि तोही असा. लायनेलने माझा हात शोधला आणि धरून ठेवला. त्याचे डोळे बघायला निकामी झाले होते, रडायला नव्हते. डोरीन मात्र माझ्याकडे बघत राहिली. रात्री एवढंच म्हणाली की इतक्या वर्षांत तू स्वतःचं नाव कुठून खोडलेलं मला आठवत नाही. मी म्हणालो, माणूस म्हातारा होतो.

तरी शिडी होतीच. शिडी दिसली की जाणकाराला दारं चुकलीत हे कळणार. म्हणून मी पुठ्ठ्याचा बोगदा केला. चांगला केला, विटा रंगवल्या, काजळी लावली. गाडीचं शिडीचं टोक त्या बोगद्यात घातलं. लायनेलने हाताने चाचपून विचारलं, शिडी आत का? मी म्हणालो, गाडी बोगद्यातून बाहेर येतेय असं दिसायला हवं, नुसती उभी गाडी कोण बघतो. तो म्हणाला, बरं. मग थोड्या वेळाने म्हणाला, "अकरा दिवस लागले होते रे त्या शिडीला." मी ऐकलं नाही असं केलं.

प्रदर्शन हेंडनला, चर्चच्या हॉलमध्ये. शनिवारची सकाळ, चहाची टाकी, अंड्याची सँडविचेस, टेबलांवर सगळ्यांच्या लाल गाड्या गोल गोल फिरतायत. आणि लायनेलच्या टेबलापाशी गर्दी. खोटं नाही सांगत, लोक ओणवे होऊन बघत होते. एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, हे डोळ्यांनी अधू माणसाने केलंय, तर दुसरा म्हणाला, मग मी घरी जाऊन माझी गाडी चुलीत घालतो. लायनेल खुर्चीवर टाय लावून बसला होता, आवाज येईल तिकडे तोंड फिरवत. त्याला एवढा खूष मी पाहिला नव्हता.

अकराच्या सुमारास ट्रेमलेट आला. डेपोतला जुना फिटर, धूळखाऊची दुरुस्ती पंधरा वर्षं त्याच्याकडे होती. बोलायला तिखट, पण गाडी कळणारा. मी चहा आणायला म्हणून सरकलो, पण लांब गेलो नाही. ट्रेमलेटने चष्मा बदलला आणि एका टोकापासून बघत आला. अधूनमधून हं, हं करत होता. एका नळीपाशी थांबून म्हणाला, हा वाकडा बोल्टसुद्धा घेतलाय, तो मीच वाकडा बसवला होता. लायनेल लाजून हसला.

मग ट्रेमलेट म्हणाला, "शिडी कुठंय? ती माझ्या हातची."

"बोगद्यात आहे," मी मागून म्हणालो. "तिथेच बरी दिसते."

"न दिसणारी वस्तू बरी कशी दिसेल, सिड?" लायनेल म्हणाला. हसतच होता. त्याने हात पुढे केला, पहिला डबा बोटांनी ओळखला आणि पाचही डबे हळूच पुढे ओढले. शिडी बाहेर आली.

ट्रेमलेट शिडीसमोर वाकला. शिडीकडे बघितलं, दारांकडे बघितलं, परत शिडीकडे. सरळ झाला. "शिडी फार सुंदर झालीय, पोरा," तो म्हणाला. "दारं चुकीच्या बाजूला आहेत."

लायनेलचा हात शिडीवर होता. तो हात छतावरून सरकत दारांवर गेला, आठ दारं मोजली, परत शिडीवर आला. आता तो म्हणेल, माझ्या भावाने सांगितलं होतं. म्हणू दे, असं मला वाटलं. एकदाचं होऊन जाऊ दे.

"मग माझंच चुकलं," लायनेल म्हणाला. "सिड मापात चुकत नाही. मीच उलटं ऐकलं असणार. नाहीतर डोळ्यांनी फसवलं."

ट्रेमलेट माझ्याकडे वळला. "काय रे सिड?"

माझ्या हातात चहा होता. तेवढ्या वेळात माणूस काय काय बोलू शकला असता. मी म्हणालो, "डोळे गेलेत बिचाऱ्याचे."

एवढंच. मी वाक्य मोजलंय. तीन शब्द.

परतताना बसमध्ये गाडीचा खोका त्याच्या मांडीवर होता. झाकणावरून बोटं फिरवत होता. मग विचारलं, "मी हे कधी ऐकलं सिड? कितव्या वर्षी?" मी म्हणालो, सुरुवातीला. तो म्हणाला, "सुरुवातीला मला दिसत होतं. निदान मला वाटत होतं की दिसतंय."

तेव्हा मला कळलं नाही तो काय म्हणतोय. आठवड्याने कळलं. सकाळी कोट घालून दारात उभा, म्हणाला, मला मिसेस पॉकेटकडे घेऊन चल. मिसेस पॉकेट म्हणजे पलीकडच्या गल्लीतली विधवा, तिची कवळी त्याने काम सोडायच्या आधीच्या वर्षी केलेली. मी दंडाला धरून नेलं. तिने चहा टाकला. लायनेलने तिला विचारलं, दात कुठे टोचतात का, डावीकडे जास्त दाब येतो का, खरं सांगा. ती म्हणाली, अहो मी त्या दातांनी बदाम फोडते. बाहेर पडल्यावर मला म्हणतो, बाई भली आहे, खरं सांगणार नाही.

मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. त्या उन्हाळ्यात आम्ही सव्वीस घरं केली. प्रत्येकाला तो तोच प्रश्न विचारायचा. सगळे चांगलंच सांगायचे, आणि सगळे चांगलंच सांगतात याचाच त्याला जास्त संशय यायचा. त्याच्या डोक्यात बसलं होतं की डोळे गेल्याचं कळलं त्याच्या कितीतरी आधी ते गेले होते, त्याला डाव्याउजव्यातलं कळेनासं झालं होतं, आणि तसाच तो लोकांच्या तोंडात हात घालत बसला होता. एकतीस वर्षांची कमाई होती ती. माझ्या तीन शब्दांनी तिला भोक पाडलं.

आणि मी दंड धरून चालत होतो. प्रत्येक फाटकापाशी वाटायचं, पुढच्या घराआधी सांगू. सव्वीस फाटकं झाली. मी फार शूर माणूस आहे असं मी जन्मभर सांगत आलो, बोगद्यात पाणी भरलं तेव्हा मी काय केलं हे अर्ध्या बर्न्ट ओकला पाठ आहे. ते खरंही आहे. पण एका आंधळ्या माणसाला रस्त्यावर थांबवून, अरे मी चुकलो, एवढं म्हणायची छाती माझी झाली नाही.

त्यानंतर त्याने हाताने काही केलं नाही. डोरीनने मेण मळायला दिलं, गोळा करून परत दिला. बटण स्वतः लावायचा, मग विचारायचा, बरोबर भोकात लागलंय का. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत गेला. पायाला जखम झाली, ती चढत गेली. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दुपारी त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला माझी ओळख करून दिली, म्हणाला, हा माझा भाऊ सिड, धूळखाऊवर नऊ वर्षं होता, त्याच्याइतकी ती गाडी कुणाला ठाऊक नाही. मी मान हलवली.

अंत्यविधीनंतर डोरीन त्याची खोली आवरत होती. मी टेबलाशी बसलो होतो. तिने ती वही आणून माझ्या बशीशेजारी उघडी ठेवली आणि बोट ठेवलं. चहाच्या पाकिटाचा पुठ्ठा, माझं अक्षर. दारं उजव्या हाताला. नक्की. दोन रेघा.

"त्या सव्वीस घरी तो विचारत फिरला," ती म्हणाली, "तेव्हा ही वही त्याच्या उशाशी होती."

कुणालाही सांगून त्याला ती वाचून घेता आली असती. डोरीनला, मिसेस पॉकेटला, चर्चच्या पाद्र्यालाही. त्याने कुणाला सांगितलं नाही. का, ते मला ठाऊक नाही. कदाचित माझ्यावर इतका विश्वास होता. कदाचित तसं नसेलही. दुसरं कारण मनात आलं की मी उठून बागेत जातो.

डोरीन माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी मी ट्रेमलेटच्या घरी गेलो आणि दारातच सगळं सांगितलं, जून, जुलै, पूल, भिंत. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, मला तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं, कशावरून? म्हणाला, तुझा चहा बशीत सांडत होता. मग बोलला का नाहीस, मी म्हणालो, तर तो म्हणाला, "भाऊ तुझा होता, सिड. मी तुला विचारलं होतं की."

आमच्या रेल्वेच्या कामगारांचा एक क्लब आहे, त्यांनी गाडी मागितली. बारच्या शेजारी काचेची पेटी केली आहे. तिथल्या एका हौशी तरुणाने सांगितलं, दारांची बाजू बदलून देतो, कुणाला कळणार नाही. मी त्याला बाहेर काढला. त्या गाडीला कुणी हात लावायचा नाही. सांगितलं ते त्या माणसाने केसभर न चुकता केलं, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

कार्ड मी स्वतः लिहिलं. डोरीनचं अक्षर चांगलं आहे, पण तिला दिलं नाही. लिहिलं, गाडी लायनेल टॅपलिन, मापं सिड टॅपलिन, दोन्ही नावं सारख्या अक्षरात. खाली लिहिलं, दारं डाव्या हाताला हवीत, चूक मापं घेणाऱ्याची आहे, करणाऱ्याची नाही. मग 'नक्की' लिहिलं आणि दोन रेघा मारल्या.

बोगदा मी जाळून टाकला. शिडीचं टोक क्लबच्या दाराकडे आहे. आत आलं की पहिल्यांदा शिडीच दिसते. मिसेस पॉकेट आली होती परवा, नाक काचेला लावून पायऱ्या मोजत होती. अकरा भरल्या तशी माझ्याकडे वळून हसली. दात लायनेलचे.